कोंडा नेमका कशामुळे?

आठवी-नववीच्या वर्गावर तास घेणाऱ्या शिक्षकांनी हे दृश्य पाहिलेले असते. गणवेशाच्या गडद निळ्या खांद्यांवर पांढरा भुगा पडलेला, आणि मागच्या बाकावर कुजबुज. रत्नागिरीतल्या आमच्यापैकी एकीच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिच्या शेजारी बसणारीने जागा बदलून मागितली, तेव्हा बाईंनी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितले, "डोकं कोरडं पडलंय गं तुझं. रात्री चांगलं तेल चोपडून ठेवत जा." मुलीने मनापासून ऐकले. तीन आठवडे ती निथळत्या वेण्या घालून आली. कोंडा होता तेवढाच राहिला. पूर्वी तो सुटा पडत होता, आता केसांना चिकटून बसू लागला एवढेच. मग बाईंनी विचारले, "नीट न्हात नाहीस का?" यानंतर ती मुलगी चार दिवस शाळेत आली नाही.

बाई काही दुष्ट नव्हत्या. आपल्या आईने, आजीने जे सांगितले तेच त्यांनी सांगितले होते. पण हा प्रसंग आमच्या विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत निघाला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कोंडा कशाने होतो, याचे उत्तर आमच्यापैकी कुणालाही धड देता येईना. कुणी म्हणाले कोरडेपणाने, कुणी अस्वच्छतेने, कुणी बुरशीने, कुणी उष्णतेने. आम्ही शोधायला लागलो, तेव्हा कळले की यात लाजण्यासारखे काही नाही. याच प्रश्नावर शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे वाद घातला आहे. तो वाद कसा सुटत गेला, याची ही हकिगत.

तीन भाषा, एकच शब्द

सुरुवात शब्दापासूनच करू. कोकणात भात कांडले, की तांदळावरचा जो बारीक भुसा निघतो तो कोंडा. डोक्यावरून पडणाऱ्या भुग्यालाही आपण कोंडाच म्हणतो. गंमत अशी की लॅटिनमध्ये धान्याच्या कोंड्याला 'फरफर' म्हणतात आणि ग्रीकमध्ये 'पितिरॉन'. वैद्यकात त्वचेचे बारीक पापुद्रे सुटणाऱ्या रोगांना 'पिटिरियासिस' हे नाव मिळाले ते या ग्रीक शब्दावरून. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना एकच उपमा सुचली, कारण डोळ्यांना दिसते ते तेच आहे : कोरडा, हलका, पांढरट भुगा.

सगळा घोळ इथेच सुरू होतो. जे दिसते ते कोरडे आहे. म्हणून कारणही कोरडेपणाच असणार, आणि उपाय तेलच असणार, असे मनाला सहज पटते.

सुश्रुत आणि हरकाची राख

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'दारुणक' नावाचा एक रोग सांगितला आहे. केसांची जमीन कठीण व रुक्ष होते, तिला खाज सुटते आणि ती फुटू लागते, असे त्याचे वर्णन आहे. कफ आणि वात यांचा प्रकोप हे कारण दिले आहे. वाग्भटानेही डोक्याच्या रोगांत दारुणकाचा उल्लेख केला आहे. आजचे वैद्य दारुणकाची सांगड कोंड्याशी घालतात.

सुश्रुताने सांगितलेले उपचार पाहण्यासारखे आहेत. त्यात डोक्याला तेल लावणे आहे, आणि त्याचबरोबर कोद्रवाच्या काडाची राख पाण्यात कालवून त्या पाण्याने डोके धुणेही आहे. कोद्रव म्हणजे कोद्रा, आपल्या कोकणातला हरीक. नाचणी आणि वरी यांच्या जोडीने वरकस जमिनीत पूर्वी हरीक होत असे. राखेचे पाणी अल्कधर्मी असते आणि ते तेलकटपणा काढते, हे आपण वर्गात शिकवतोच. म्हणजे जुन्या उपचाराला दोन अंगे होती : तेल लावायचे, आणि ते धुऊनही काढायचे.

घरोघरीची पद्धतही अशीच होती. आठवड्याच्या न्हाण्याला आधी तेल जिरवायचे आणि मग शिकेकाई, रिठे, नागरमोथा, आवळकाठी घालून उकळलेल्या पाण्याने डोके धुवायचे. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे तेलाशी. म्हणून ती तेलाचे बारीक थेंब करून पाण्याबरोबर वाहून नेतात. ही शेंग फक्त आपलीच नाही. ब्रह्मदेशातही केस धुण्यासाठी हीच शेंग पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तिथे तिला 'किनपून' म्हणतात. त्या देशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. अनोळखी मुलखात त्याच्या माणसांना ओळखीची वाटावी अशी एक वस्तू इथल्या न्हाणीघरात होती, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे शिकेकाईची जागा साबणाने आणि मग शाम्पूने घेतली. हा शब्दही आपल्याकडूनच विलायतेला गेला. 'चंपी' म्हणजे अंग किंवा डोके चेपणे. त्याच कुळातल्या शब्दावरून इंग्रजी शब्द तयार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी अशा चंपीची स्नानगृहे चालवून मोठे नाव कमावले. केस धुण्याचे द्रव्य हा त्या शब्दाचा अर्थ नंतरचा.

सूक्ष्मदर्शकाखाली

आता पॅरिसला जाऊ. १८७३ साली इटलीतल्या रिव्होल्टा यांना त्वचेच्या पापुद्र्यांत अंडाकृती पेशी दिसल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, लुई-शार्ल मलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तपेशी मोजण्याची पद्धत बसवणाऱ्यांपैकी हे एक. त्यांना त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरात बाटलीसारख्या आकाराच्या, कळी फुटावी तशा वाढणाऱ्या बारीक पेशी दिसल्या. ते यीस्ट होते, म्हणजे एकपेशीय बुरशी. हेच कोंड्याचे कारण, असे मलासे यांनी मांडले. आज या बुरशीच्या प्रजातीला त्यांच्याच नावावरून 'मलासेझिया' म्हणतात. पॅरिसचेच त्वचारोगतज्ज्ञ रेमंड साबुरो यांनी १९०४ साली तिला 'पिटिरोस्पोरम' असे दुसरे नाव दिले. त्यात पुन्हा तो कोंडावाचक ग्रीक शब्द आलाच.

तो काळ जंतुशास्त्राच्या भरभराटीचा होता. एखाद्या जंतूला रोगाचे कारण ठरवायचे तर काय काय सिद्ध करावे लागेल, याच्या कसोट्या रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० नंतरच्या वर्षांत मांडल्या. जंतू रोग्यात सापडला पाहिजे आणि निरोगी माणसात सापडता कामा नये. तो प्रयोगशाळेत वेगळा वाढवता आला पाहिजे. आणि वाढवलेला जंतू निरोगी प्राण्यात सोडला, की तोच रोग झाला पाहिजे.

आपली बुरशी पहिल्याच कसोटीला नापास झाली. ती कोंडा असलेल्यांच्या डोक्यावर होती, तशी कोंडा नसलेल्यांच्याही डोक्यावर होती. वाचकहो, ती या क्षणी तुमच्या आणि आमच्या डोक्यावरही आहे.

तेलाशिवाय न वाढणारी बुरशी

दुसरी कसोटीही सोपी नव्हती. साबुरो यांच्या नावाचे पोषक माध्यम आजही जगभरच्या प्रयोगशाळांत बुरशी वाढवण्यासाठी वापरतात. पण त्याच नेहमीच्या माध्यमावर ही बुरशी धरत नसे. ही अडचण सोडवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले डॉ. गणपती पांजा यांनी त्वचेवरच्या या बुरशा प्रयोगशाळेत वाढवण्यात यश मिळवले आणि १९२७ साली तिथे भरलेल्या वैद्यकीय परिषदेत ते काम मांडले. वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या बुरशा एकाच 'मलासेझिया' कुळातल्या आहेत, असेही त्यांनी सुचवले. कित्येक दशकांनी जगाने तेच नाव कायम केले.

बुरशी इतका हट्ट का करते, हे १९३९ साली न्यूयॉर्कच्या ऱ्होडा बेनहॅम यांनी दाखवून दिले. तिला वाढायला स्निग्ध पदार्थ लागतात. माध्यमावर थोडे ऑलिव्ह तेल घातले, की ती उत्तम वाढते.

इथे क्षणभर थांबून मागे पाहू. ज्या गोष्टीवर आपण 'कोरडेपणा' अशी चिठ्ठी लावली होती, तिच्यात सापडलेला जीव तेलाशिवाय जगूच शकत नाही! डोक्याच्या त्वचेत केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. त्या वयात येताना जोमाने कामाला लागतात. कोंडा आठवी-नववीत दिसू लागतो याचे कारण हेच. त्या वयातली मुले अचानक अस्वच्छ होतात असे नव्हे. तान्ह्या बाळाच्या टाळूवर धरणारी पिवळट खपली हीही याच जातीची. आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तैलग्रंथी काही काळ जाग्या असतात, असे त्याचे कारण देतात.

कारण की परिणाम?

तरीही मुख्य प्रश्न सुटलेला नव्हता. बुरशीमुळे कोंडा होतो, की कोंडा होतो म्हणून बुरशीला राहायला जागा आणि खायला अन्न मिळते?

१९६९ साली अमेरिकेत गॉस आणि व्हँडरविक यांनी एक सुंदर प्रयोग केला. निस्टॅटिन हे बुरशीनाशक लावले, की डोक्यावरची बुरशी घटते आणि कोंडाही घटतो, हे त्यांना दिसले होते. पण औषधाने कोंडा कदाचित दुसऱ्याच एखाद्या मार्गाने कमी केला असेल. म्हणून निस्टॅटिनला दाद न देणारा बुरशीचा वाण त्यांनी निस्टॅटिन चालू असतानाच डोक्यावर सोडला. औषध तेच, डोके तेच, बदलली ती फक्त बुरशी. कोंडा पुन्हा वाढला.

सगळ्यांना हे पटले नाही. १९७५ साली पेनसिल्व्हानियातल्या मॅकगिन्ली, लेडन आणि क्लिगमन यांच्या गटाने डोक्यावरच्या सूक्ष्मजीवांची रीतसर मोजदाद केली. निरोगी डोक्यावरच्या सूक्ष्मजीवांत या बुरशीचे प्रमाण शेकडा ४६ निघाले, कोंडा असलेल्या डोक्यावर ७४, आणि कोंड्याचा तीव्र प्रकार असलेल्या 'सेबोरिक डर्माटायटिस'मध्ये ८३. आकडे बुरशीच्या विरुद्ध बोलताहेत असे वाटेल. पण याच गटाने १९७६ साली उलटा निष्कर्ष काढला. त्यांचे म्हणणे असे : त्वचेच्या पेशी तळाशी जन्मतात, वर सरकत सरकत मरतात आणि सुटून पडतात. या प्रवासाला साधारण एक महिना लागतो. कोंडा होणाऱ्यांत तो फार घाईने होतो, म्हणून पेशी एकेकट्या न पडता गठ्ठ्याने पडतात. खरे कारण ही घाई. बुरशी ही निव्वळ पाहुणी. कोंड्यावरची औषधे चालतात ती पेशींची वाढ मंदावतात म्हणून.

हा युक्तिवाद वजनदार होता आणि काही वर्षे तोच पुस्तकांत राहिला. तो फिरवला नव्या औषधाने. किटोकोनाझोल हे बुरशीनाशक आले. न्यूकॅसलचे सॅम शुस्टर आणि सहकारी यांनी १९८४ साली दाखवले, की या औषधाने सेबोरिक डर्माटायटिस ओसरतो. शुस्टर यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली : कोंड्यावर गुण देणाऱ्या औषधांची रसायने एकमेकांहून अगदी वेगळी आहेत, पण ती सगळी या बुरशीला मारक आहेत. पारडे पुन्हा बुरशीकडे झुकले.

प्रश्न बदलला, मग उत्तर सापडले

मग बुरशी सर्वांच्या डोक्यावर असताना कोंडा काहींनाच का? याचे उत्तर २००५ साली एका शाम्पू कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगातून मिळाले. ही बुरशी आपल्या डोक्यावरचे तेल जसेच्या तसे गिळत नाही. ती लायपेज नावाची विकरे बाहेर सोडते. ती तेलाचे तुकडे करतात. त्यातली संपृक्त मेदाम्ले बुरशी खाते आणि असंपृक्त मेदाम्ले, मुख्यतः ओलेइक आम्ल, त्वचेवर उष्टे टाकते. शास्त्रज्ञांनी लोकांच्या डोक्यावरची बुरशी आधी काढून टाकली आणि मग नुसते ओलेइक आम्ल लावून पाहिले. ज्यांना एरवी कोंडा होत असे त्यांच्या डोक्याचे पापुद्रे सुटू लागले. ज्यांना होत नसे त्यांना काहीच झाले नाही.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : त्वचेचे तेल, ते फोडणारी बुरशी आणि त्या उष्ट्याने बिथरणारी विशिष्ट माणसाची त्वचा. त्वचा बिथरली की घाईने नव्या पेशी तयार करते आणि जुने थर गठ्ठ्याने टाकते. क्लिगमन यांची 'घाई' खरी होती. तिच्यामागचे कारण मलासे यांनी पाहिले होते. दोन्ही बाजूंच्या हाती सत्याचा एकेक तुकडा होता. २००७ साली 'मलासेझिया ग्लोबोसा' या जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात सुमारे ४,२८५ जनुके निघाली. पण मेदाम्ले तयार करणाऱ्या नेहमीच्या विकराचे जनुक त्यांत नव्हते. बेनहॅम यांनी पाहिलेल्या हट्टाचे कारण असे ६८ वर्षांनी सापडले.

मग आमच्या खोबरेलाचे काय?

रत्नागिरीत राहून खोबरेलाविषयी बोलायचे म्हणजे जपून बोलावे लागते. भाट्याच्या पुलापलीकडे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. घरोघरी बाणवलीचे माड आहेत. घाण्याचे खोबरेल आणि नारळाचे दूध आटवून काढलेले आवेल यांवर पिढ्या वाढल्या आहेत. तेव्हा तेल वाईट असा सरसकट निकाल आम्ही देणार नाही, आणि विज्ञानही तो देत नाही.

सगळी तेले सारखी नसतात. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असते. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक हे मध्यम साखळीचे संपृक्त आम्ल असते आणि ओलेइक थोडेच. भोपाळच्या 'आयसर' संस्थेतील संशोधकांनी १४० भारतीय स्त्रियांच्या डोक्यावरच्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. १२ आठवडे खोबरेल वापरल्यावर निरोगी डोक्यावर आढळणारे उपयुक्त सूक्ष्मजीव वाढल्याचे त्यांनी २०२१ साली नोंदवले. एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचे संशोधकही त्यात होते, हेही सांगायला हवे. पण खोबरेल हे कोंड्यावरचे औषध आहे, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. आणि तेल दिवसचे दिवस डोक्यावर तसेच ठेवले, तर पापुद्रे, धूळ आणि घाम त्यात धरून राहतात. सुश्रुताच्या उपचाराचे आणि आजीच्या न्हाण्याचे पहिले अर्धे आपण जपले. दुसरे अर्धे, म्हणजे स्वच्छ धुऊन काढणे, आपल्या हातून सुटले.

शिक्षकांना काय करता येईल?

नुसती कोरडी त्वचाही असते. तेव्हा पापुद्रे बारीक, पांढरे आणि सुटे असतात, आणि बहुधा हातापायांची त्वचाही कोरडी असते. अशा वेळी सौम्य साबण आणि थोडे तेल यांनी बरे वाटते. कोंड्याचे पापुद्रे जरा मोठे, पिवळसर आणि तेलकट असतात. त्यासाठी किटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइड असलेला औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून धुतला, की दोन-चार आठवड्यांत बहुतेकांना फरक पडतो. बुरशी कायमची जात नाही, म्हणून कोंडा परत येऊ शकतो. त्यात कुणाचा दोष नसतो.

लिखा आणि कोंडा यांतला फरक मुलांना दाखवावा. कोंडा बोटाने झटकला की पडतो. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते. डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस जात असतील किंवा पू होत असेल, तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. तो संसर्गजन्य आहे आणि त्याला डॉक्टरचे औषधच लागते. जाड चंदेरी खवले कपाळाच्या किंवा मानेच्या बाजूला केसांच्या रेषेबाहेर आले असतील, तरीही डॉक्टरांना दाखवावे. साधा कोंडा मात्र शेजारी बसल्याने लागत नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. दोन बाटल्यांत सारखे कोमट पाणी आणि चमचा-चमचा खोबरेल घ्या. एकीत शिकेकाईचे गाळलेले पाणी घाला. दोन्ही जोराने हलवून बाकावर ठेवा. एकीत तेल लगेच वर येऊन थर धरेल, दुसरीत पाणी बराच वेळ दुधाळ राहील. का, ते मुलांनाच विचारा. तिथून मलासे, पांजा आणि बेनहॅम यांच्यापर्यंत जाणे अवघड नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचारावेसे वाटेल. बाई तिच्या घरी गेल्या. "माझं चुकलं, तुझं नाही," असे त्यांनी तिला सांगितले, आणि आईला डॉक्टरांकडे जायला सुचवले. महिन्याभराने तिची जागा पुन्हा पहिल्या बाकावर होती. आमच्या बैठकीत बाईंनी हे स्वतःच सांगितले. पुढे त्या एवढेच म्हणाल्या, "मी रोज वर्गात सांगते, आधी निरीक्षण करा, मग कारण शोधा. त्या दिवशी मी कारण आधीच ठरवून टाकलं होतं."